आधी घरं, मग खड्डा

आमच्या भाऊजींना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे की कललीये हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. भाऊजींच्या खिशात तो कायमचा. गवंडीकाम थांबलं, हातातली थापी सुटली, पण खिशातला ओळंबा सुटला नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीकडे बघणार, एक डोळा मिटणार आणि "कोपरा कललाय" असं पुटपुटून यजमानाच्या तोंडाची चव घालवणार. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही हा माणूस पाहुण्यांना सोडून दाराच्या चौकटीकडे एक डोळा मिटून बघत उभा. मुलाच्या आत्याला वाटलं, मुलीचा मेहुणा आपल्याला डोळा मारतोय. ताईने बाजू सावरून घेतली म्हणून, नाहीतर मी बिनलग्नाची राहिले असते. एकेकदा वाटतं, बरं झालं असतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. ती दोघं पहिल्या मजल्यावर आणि मी त्यांच्या बरोबर खाली. माझं शिवणाचं मशीन दाराशीच असतं. चेन बदलायची, पँट आखूड करायची, उसवलेलं शिवायचं, असलं काम. वरच्या खोलीत काय चाललंय ते मला छतावर वाजणाऱ्या पावलांवरून कळतं. ती पावलं भाऊजींची. ताई चालत नव्हती.

तिची गोष्ट साधी आहे आणि आठवली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या गल्लीत कुणीतरी कसलीशी तार टाकायला आले, खड्डा खणला आणि निघून गेले. आज येतील, उद्या येतील म्हणत आम्ही त्या खड्ड्याच्या कडेने जाणं-येणं करत राहिलो. ना फळी, ना दोरी, ना दिवा. ताई भाजीची पिशवी घेऊन येत होती. कड ढासळली आणि ती खाली गेली. वर काढली तेव्हा शुद्धीवर होती, पिशवीतले टोमॅटो फुटले म्हणून हळहळत होती. पाय तेव्हापासून गेले ते गेलेच. खड्डा पुढे कुणी बुजवला ते मला माहीत नाही. एक दिवस बुजलेला दिसला, एवढंच.

भाऊजींनी मग तिचा पलंग खिडकीशी लावला. दीड खोलीत खिडकी ती एकच, आणि तिच्याखाली मोकळी जागा. तिथे पूर्वी गोदाम होतं, ते जळालं, आणि मालकांच्या भांडणात जागा तशीच पडली. दोन इमारतींच्या मधे पडलेल्या दातासारखी. एरंड माजलेला, कुणीतरी टाकलेली गादी, आजूबाजूच्यांच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे. दुसऱ्याला ते बघून शिसारी आली असती. ताईला त्यातलं पान न् पान पाठ. मांजर कुठे व्याली, कुणाच्या चादरीला नवीन भोक पडलं, कोणत्या घरातली सून रागाने कपडे पिळते, सगळं ती वरून मला ओरडून सांगायची. मला खाली बसल्या बसल्या गल्लीची खडान् खडा माहिती. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही बाई मनकवडी आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी बेबी. तिशीला आली तरी बेबीच. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करते, तिचा नवरा मालाचा टेम्पो चालवतो. भाड्याने घर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लग्नानंतर दोघं तिथेच राहिली, त्याच दीड खोलीत, पडद्याआड. पडद्याआड कसला संसार होतो? कुजबुज केली तरी चौघांना ऐकू जाते. ताई पोरांना मोकळेपणा मिळावा म्हणून मुद्दाम घोरायची. इतकी जोरात, की जावई हसायला लागायचा आणि मग सगळेच हसायचे. हसून हसून किती दिवस काढणार? बेबीचं तोंड ओढलेलं दिसायला लागलं. जावई टेम्पोतच झोपतो असं म्हणायला लागला. आपल्यापायी पोरीचा संसार मोडेल याचा ताईने धसका घेतला होता.

अशात ती इंजिनिअरबाई आली. सरकारी कार्यालयाची, पोरसवदा, पायात चिखलाचे बूट. तिने सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानापुढे सगळ्यांना जमवलं आणि समजावून सांगितलं. शहराबाहेर लांब घरं बांधण्यापेक्षा शहरात ज्या मोकळ्या जागा पडल्यात तिथे बांधायची, साध्या माणसाला झेपतील अशी, असं सरकारने ठरवलं होतं. घरं एक संस्था बांधणार होती, कर्ज काढून. पण आमच्या गल्लीची सांडपाण्याची नळी अरुंद, जुनी. आहेत त्या घरांनाच पुरत नव्हती, तर नवी इमारत कुठून जोडणार? त्या जमिनीखालच्या कामाला, म्हणजे रुंद नळी, पाणी, वीज यांना सरकार अनुदान देणार होतं. आणि घरं मिळताना पहिला मान गल्लीतल्या अशा जोडप्यांना, जी लग्न होऊनही आईबापांच्या खोलीत राहतात.

ताईने वरून सगळं ऐकलं. मी वर गेले तर तिचे डोळे भरलेले. बेबी शेजारीच येणार, भिंतीला भिंत लागून! मला म्हणाली, आता त्या नळीसाठी जीवही देईन. मी म्हटलं, जीव राहू दे, सरकारने तो मागितलेला नाही.

घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. आमची गल्ली रस्ता नव्हे, इथल्या घरमालकांच्या सामाईक मालकीची आहे. ती खणायला सगळ्यांची संमती लागत होती. आणि खड्डा म्हटल्यावर भाऊजी भर बैठकीत उठले. हा माणूस कधी चार लोकांत बोललेला नाही. उभे राहिले, खिशातला ओळंबा मुठीत धरला, आणि म्हणाले, "आमच्या घरी एक खड्डा अजून पलंगावर पडलाय. आधी घरं उभी करा. मग खड्डा."

सगळ्या गल्लीच्या टाळ्या पडल्या. पडणारच. ताईला कुणी खड्ड्यातून काढलं होतं, कुणी हॉस्पिटलात नेलं होतं. खणून पळून जाणारे सगळ्यांनी पाहिले होते. सायकलवाल्याने तर तिथल्या तिथे दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहिलं, आधी घरं, मग खड्डा.

इंजिनिअरबाई टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मिस्त्री, पैसे खड्ड्याचेच आहेत. घरांचे नाहीत. ते ठरलेल्या मुदतीत खर्च झाले नाहीत तर परत जातील."

भाऊजी म्हणाले, जाऊ द्यात, घरं उभी राहिलेली दिसली की सरकार पैसे झक मारत देईल, उभ्या इमारतीला कुणी नळीवाचून ठेवतं का? ते आम्हा सगळ्यांना पटलं. त्यात न पटण्यासारखं काय होतं? ज्याने जन्मभर आधी पाया, मग भिंत असं काम केलं, त्याने हे उलटं सांगितलं, आणि ते कुणाला उलटं वाटलं नाही. बाई त्यानंतरही आली, परत परत आली. घरोघर जाऊन सांगितलं. लोक चहा देत आणि मान हलवत. शेवटी संस्थेने कर्जाचं व्याज चढतंय म्हणून बांधायला घेतलं. नळीचं बघू मग, म्हणाले.

नवी इमारत आमच्या इमारतीला चिकटून उठणार होती. त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या बुजवणं भाग होतं. त्या बाजूला खिडकी एकच होती. ताईची.

संस्थेने माणूस पाठवतो म्हटलं. भाऊजींनी नको सांगितलं. माझ्या घरातली खिडकी दुसरा कुणी बुजवणार नाही, म्हणाले. चौकट काढली, विटा भिजवल्या, माल कालवला. मी ताईच्या अंगावर जुनी चादर धरून बसले होते, धूळ उडू नये म्हणून. भाऊजी एक एक थर लावत होते, ओळंबा सोडून बघत होते, आणि ताई पलंगावरून त्यांची टर उडवत होती.

"सरळ लावा हो. नाहीतर मला जन्मभर वाकडं बघत पडावं लागेल."

वरचा थर राहिला तेव्हा तिने त्यांना थांबवलं. मान उंच करून बाहेर बघितलं. मांजर कुठे दिसते का बघत असावी. मग म्हणाली, चला, आता भिंतीपलीकडे बेबीचा नळ वाजेल, तो ऐकत पडेन. भाऊजींनी शेवटच्या विटा लावल्या. काम असं केलं की भिंतीत खिडकी होती हे सांगून खरं वाटू नये. खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागला.

इमारत उठली. आम्ही रोज बघत होतो, छान उठली. रंग लागला, जिन्याला कठडे बसले. बेबीचं घर भाऊजींनी स्वतः निवडलं, बरोबर ताईच्या भिंतीपलीकडचं. पडद्याआडची दोघं रोज संध्याकाळी जिना चढून कुलूपबंद दाराला हात लावून यायची. गल्लीने आता खणायलाही संमती दिली, अगदी हसत हसत. आणि तेव्हा बाई सांगायला आली की मुदत संपली. पैसे परत गेले.

तिने "मी सांगितलं होतं" असं एका शब्दाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला तिच्यावर ओरडता आलं असतं. तिने मुदत वाढवून मागितली होती, ती नाकारली गेली होती. नळी नाही तर सांडपाणी कुठे जाणार, आणि सांडपाण्याची सोय नाही तर राहायची परवानगी नाही. संस्थेकडे नळीपुरतेही पैसे उरले नव्हते. नवी कोरी इमारत, प्रत्येक दाराला कुलूप.

ज्यांनी टाळ्या पिटल्या होत्या त्यांनीच मग भाऊजींना धारेवर धरलं. ओळंब्याने गल्लीचं वाटोळं केलं. फळ्यावरचं सायकलवाल्याने गुपचूप पुसून टाकलं. मी भांडले एकेकाशी, माझी जीभ काही मऊ नाही. पण खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचा राग आला होता, फार आला होता.  भाऊजी नुसते नव्या इमारतीसमोर उभे राहायचे, एक डोळा मिटायचे, आणि परत यायचे.

बेबी आणि जावई शेवटी शहराच्या टोकाला भाड्याची खोली घेऊन गेले. आशा होती तोवर पडदा सहन होत होता, आशा गेल्यावर तो सहन होईना. बेबी सुट्टीच्या दिवशी येई, आईला अंघोळ घाली, केस विंचरी, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून पळत जाई. बाकीचे दिवस भाऊजी आणि मी.

आणि ताई त्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. तुम्ही कधी दिवसभर दिव्याच्या उजेडात राहून बघा. तिला सकाळ कळेनाशी झाली. दुपारी विचारायची, उजाडलं का. वरून मला हाक मारणं बंद झालं, कारण सांगण्यासारखं तिला काही दिसतच नव्हतं. पाठीला जखमा झाल्या. तिला खाली माझ्याकडे आणावं म्हटलं, तर जिना अरुंद, उचलली की किंचाळायची, आणि माझ्या मागच्या खोलीलाही खिडकी कुठे आहे? अधूनमधून ती भिंतीला कान लावायची. पलीकडे नळ नव्हता वाजत. काहीच नव्हतं वाजत.

एका दुपारी मी तिच्यासाठी भात घेऊन वर गेले होते. तिने घास घेतला नाही. भाऊजींकडे बघून म्हणाली, "अहो, उघडा आता."

भाऊजींनी काय उघडू असं विचारलं नाही. छिन्नी-हातोडा आणला आणि सुरुवात केली. स्वतःचंच काम, ते तुटता तुटेना. हाताला वाईट काम माहीत असतं तर त्या दिवशी सोपं गेलं असतं. घाम गळत होता, स्वतःला शिव्या घालत होते, कोण मूर्खाने एवढा माल भरला म्हणून. ताई किती तरी दिवसांनी हसली. विटा निघाल्या, मागे नव्या इमारतीची भिंत. ती मात्र बिस्किटासारखी फुटली. त्यावरही भाऊजी चिडले, हे काय बांधकाम आहे म्हणाले. बायकोसाठी दुसऱ्याची भिंत फोडणारा माणूस, आणि भिंत नीट बांधली नाही म्हणून चिडतोय!

भोक मोठं झालं तसा उजेड आला. बेबीच्या घराला समोरून मोठी खिडकी होती, तिच्यातून उजेड रिकाम्या स्वयंपाकघरात पडायचा आणि तिथून ताईच्या पलंगावर. ताईने डोळ्यांवर हात धरला. मग हात काढून कितीतरी वेळ बघत राहिली. पलीकडे काळा ओटा होता, त्यावर कोरडा नळ, आणि भिंतीवर पांढऱ्या फरशा.

"ओटा छान आहे," ती म्हणाली.

तेवढा काळ बरा गेला. बेबी सुट्टीला आली आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात पडलेलं भगदाड बघून आधी थिजली, मग हसली, मग रडली. कुणी चिडलं नाही. इमारत रिकामी, कुणाला पडलंय? ताईला पुन्हा सकाळ-संध्याकाळ कळायला लागली. त्या रिकाम्या घरात एक पारवा शिरायचा. त्याच्या कागाळ्या ती मला वरून ओरडून सांगायची. पण अंगात काही राहिलं नव्हतं. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना आमच्याशी न बोलता जावयाशी बोलले.

आणि इंजिनिअरबाई परत आली. या वेळी पळत आली. अनुदानाची नवी फेरी निघाली होती, अर्धवट राहिलेल्या इमारतींसाठी. तिने आमच्या गल्लीचं नाव पुढे रेटलं होतं. तपासणी व्हायची होती, एक एक खोली बघणार होते. इमारत धड असेल तरच नळीचे पैसे, कुठे तडा, कुठे फोडाफोड दिसली की अख्खी इमारत बाद. मी तिला वर नेऊन भगदाड दाखवलं. ती खाली बसली. पुढे कपाट लावून झाकू का, म्हटलं मी. ती म्हणाली, रिकाम्या घरात एकच कपाट कशाला असेल?

गल्ली पुन्हा भाऊजींच्या दारात. आधी हात जोडून, मग आवाज चढवून. भाऊजी उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, एकदा बुजवली, पोरीसाठी बुजवली. ही जिवंत आहे तोवर माझा हात पुन्हा चालणार नाही, काय करायचं ते करा.  एका हाताला बायको, एका हाताला मुलगी, आणि दोन्हींच्या मधे तेच एक भोक. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नव्हते. दार अडवून बसले होते.

आतून ताई सगळं ऐकत होती. तिने मला जवळ बोलावलं आणि बेबीला फोन लावायला सांगितला.

बेबी आली ती टेम्पोतून, ब्लॉक आणि सिमेंटचं पोतं घेऊन. लहानपणी बापाच्या हाताखाली माल कालवायची, तेवढंच तिला येत होतं. वर येऊन आईला म्हणाली, थोडेच दिवस आई, घर ताब्यात आलं की मीच फोडते, दार करते मोठं. ताई हो म्हणाली. दोघींना ठाऊक होतं. मग बेबी संस्थेकडून किल्ली घेऊन पलीकडे गेली. भाऊजी तिला अडवायला उठले नाहीत. जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मी अलीकडे ताईचा हात धरून होते. पलीकडून बेबी ब्लॉक लावत होती. आई, बोलत राहा, म्हणाली. ताई बोलत राहिली. डबे उजव्या हाताला ठेव. ओट्याखाली ओल धरते, लक्ष ठेव. नवऱ्याला टेम्पोत झोपू देऊ नकोस. पहिल्या थरात ओटा दिसेनासा झाला, मग नळ. बेबीला रडू आवरेना, थर तिरके जायला लागले, सांध्यांतून माल ओघळत होता. तिच्याकडे ओळंबा नव्हता. असता तरी तिला कुठलं दिसत होतं? शेवटी तिचा नुसता चेहरा राहिला, घामाने आणि सिमेंटने माखलेला.

"आई, लावू?"

"लाव," ताई म्हणाली. "मला झोप आलीये."

इमारत तपासणीत पास झाली. पलीकडून बेबीने गिलावा आणि रंग करून घेतला होता, कुणाला कळलं नाही. पैसे आले, आणि गल्लीत खणायला माणसं आली. या वेळी फळ्या होत्या, दोऱ्या होत्या, लाल दिवे होते. बाई रोज येऊन बघायची. ताईला खाली कुदळींचा आवाज ऐकू येत होता. कशाचा आवाज, असं तिने एकदा विचारलं. बेबीची नळी टाकतायत, मी म्हटलं. नळी बसायच्या आधीच ती गेली.

तिला बाहेर काढायचं तर गल्लीभर खड्डा. भाऊजींनी स्वतः दोन जाड फळ्या आणल्या, शेजारी शेजारी टाकल्या, वर उभे राहिले, पुढे मागे चालून बघितलं, उडी मारून बघितली. लोक खोळंबले होते. कुणी घाई करा म्हटलं नाही. मग तेच पुढे झाले आणि ताईला आम्ही खड्ड्यावरून नेलं. सायकलवाला हमसाहमशी रडत होता. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

आता सगळ्या घरांत माणसं आहेत. जिन्यात पोरांचा गोंगाट असतो. बेबी आणि जावई पलीकडे राहतात. त्यांचं बरं चाललंय, तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आलाय. दार करायचं कुणी बोलत नाही. भाऊजी ताईच्या पलंगावर झोपतात. समोर खिडकीच्या जागी बेबीने लावलेल्या ब्लॉकांची मागची बाजू तशीच उघडी आहे, थर तिरके, माल ओघळलेला. आपल्या बाजूने निदान गिलावा तरी करा, असं बेबीने त्यांना विनवलं. असू दे, म्हणाले. दुसऱ्याच्या घरची चौकट केसभर कलली तर ज्याला अन्न जात नसे, तो हा माणूस. ओळंबा त्यांनी माझ्या मशीनवर आणून ठेवला. कापड दाबायला होईल, म्हणाले.

बेबी रोज सकाळी उठली की ओट्यावरचा नळ सोडते आणि नुसता वाहू देते. खाली मला पाणी नळीतून जाताना ऐकू येतं. एकदा मी तिला झापलं, पाणी काय फुकट आलंय का म्हणून. तिने खाली मान घातली. "आईला ऐकायचा होता ना गं मावशी," म्हणाली.  भिंतीअलीकडे भाऊजी पलंगावर उठून बसलेले असतात. नळ बंद झाला की त्यांची पावलं वाजतात, मग भांडं वाजतं. ते चहा ठेवतात. अजूनही दोघांचाच ठेवतात, आणि दुसरा कप मी वर जाऊन पिते.